वाचक विचारतात : माळाला शोभेल अशी बाग

पावसाळी अंकासाठी सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाचे निघाले. घरी किंवा शेतावर पक्षी, फुलपाखरं, मधमाश्या याव्यात म्हणून काय लावायचं आणि लावलेलं जगत का नाही? अनेकांच्या डोळ्यांपुढे पुण्यातली नाहीतर कोकणातली दाट हिरवी बाग आहे. सोलापूरचा निसर्ग तसा नाही. इथला मूळ निसर्ग म्हणजे माळ : गुडघाभर गवत, मधूनमधून काटेरी झुडपं आणि लांब लांब उभी बोर, बाभूळ, हिवर. इथले जीवही त्यालाच सरावलेले आहेत. खालची उत्तरं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : बंगल्यासमोर कंपाउंडलगत दहा फूट रुंद, पंचवीस फूट लांब जागा आहे. खाली काळी माती होती, बांधकामाच्या वेळी वर दोन-अडीच फूट मुरूम भरला. तीन वर्षांत लावलेलं प्रत्येक झाड दुसऱ्या उन्हाळ्यात जळालं. बोअरचं पाणी रोज देतो. – जुळे सोलापूर

उत्तर : रोज पाणी देता, हेच मुख्य कारण असण्याची शक्यता मोठी आहे. रोज तांब्याभर पाण्याने वरची दोन-तीन इंच माती तेवढी भिजते. मुळं ओलाव्यामागे जातात, म्हणून ती वरच राहतात. एप्रिलमध्ये मुरूम तापला की तीच मुळं आधी भाजतात. त्यात बोअरचं पाणी क्षारांचं. मातीवर पांढरा पापुद्रा धरत असेल आणि पानांच्या कडा करपत असतील, तर क्षार साठले आहेत असं समजा.

मुरूम उपसून टाकायची गरज नाही, त्यातून पाण्याचा निचरा चांगला होतो. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे मे महिन्यातच घेऊन उघडे ठेवा. खणताना सिमेंटची ढेकळं, चुना, पीओपीचे तुकडे निघतील ते वेचून बाहेर टाका. भरताना दोन पाट्या काळी माती, एक पाटी कुजलेलं शेणखत आणि खड्ड्यातलाच चाळलेला मुरूम मिसळा. ताजं शेण नको, त्याने मुळं खाणारी हुमणी अळी येते. पहिल्या वर्षी युरियाही नको.

ज्यांच्याकडे निव्वळ काळी माती आहे त्यांनी मात्र नेमकं उलट करावं. काळ्या मातीत खोल खड्डा घेऊन त्यात हलकी माती भरली की त्याचा हौद होतो. सप्टेंबरच्या पावसात पाणी त्यात साचतं आणि मुळं कुजतात. तिथे खड्डा फूटभरच घ्यावा, काढलेलीच माती परत भरावी आणि झाड सहा ते आठ इंच उंचवट्यावर लावावं. उन्हाळ्यात या मातीला भेगा पडून मुळं तुटतात, म्हणून बुंध्याभोवती आच्छादन हवंच. उसाचं पाचट, तुरीचं भुसकट, कडब्याची चिपाडं, जे मिळेल ते तीन-चार इंच जाड पसरा. फक्त बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी थेट सालीला लागते.

लागवड पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर करा. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो आणि त्याआधी हमखास उघडीप येते. नवी झाडं मरतात ती त्याच पंधरा-वीस दिवसांत, कारण ‘पावसाळा आहे’ म्हणून कोणी पाणी देत नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदाच, पण झाडामागे दहा ते पंधरा लिटर द्या, तेही बुंध्यापासून दीड फुटावर आळं करून. असे दोन उन्हाळे काढले की खाली सांगितलेली झाडं तिसऱ्या वर्षी आपल्या पायावर उभी राहतात.

आता काय लावायचं ते. तुमच्या जागेत मोठं झाड एकच, आपटा. तो आडवातिडवा वाढतो, फार उंच जात नाही, आणि उन्हाळ्यात फुलला की मधमाश्या लागतात. (दसऱ्याच्या आदल्या दिवशी गल्ली तो ओरबाडून नेईल, त्याची तयारी ठेवा.) कंपाउंडलगत अडीच फुटांवर एक अशी करवंदाची रांग लावा. चार वर्षांत मांजर शिरणार नाही असं काटेरी कुंपण होतं आणि बुलबुल त्यात घरटं करतात. आतल्या बाजूला तीन-तीन फुटांवर चार-पाच तरवड. तरवडाच्या पिवळ्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो आणि तोही पुंकेसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांत बंद. मोठा काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा तो बाहेर पडतो. तो घूंऽऽ आवाज सकाळी आठ-नऊला ऐकू येतो. तरवडाची पानं फिकट पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या खातात, ती खाऊ द्यायची. मध हवा असेल तर अडुळसा आणि काटेकोरांटी. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, म्हणून फाटकाजवळची जागा त्याला द्या.

प्रश्न : कुंडीतल्या लिंबाच्या पानांवर चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या झाल्या आहेत. आठवड्यात शेंडे साफ झाले. कोणतं औषध मारू? – विजापूर रोड

उत्तर : कोणतंच नको. या लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या आहेत. लहानपणी त्या मुद्दाम शिटेसारख्या दिसतात, म्हणजे पक्षी चोच मारत नाही. शेवटच्या कातीनंतर हिरव्यागार होतात. काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. त्याने अपाय काही नाही. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो.

तीन फुटांहून उंच, फांद्या धरलेलं झाड पाच-सहा अळ्या सहज सोसतं आणि पुन्हा फुटतं. रोप वीतभरच असेल तर अळी असलेलं पान तोडून जवळच्या मोठ्या लिंबावर, कडीपत्त्यावर नाहीतर बेलावर ठेवा. या तिन्हींवर ती वाढते. अळी बोटाने ओढू नका, पायाच्या पकडीने ती फाटते. निंबोळी अर्क ‘सेंद्रिय’ म्हणून निर्धास्तपणे मारला जातो, पण अळी त्यानेही मरते.

पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेघा असतील तर ती वेगळी, नागअळी. पान आकसतं. तेवढी पानं खुडून टाकली की पुरे. आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल तर तो कोणत्याच किड्याचा दोष नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, त्याची ती खूण आहे. बोअरचं पाणी त्यात भर घालतं. साठवलेलं पावसाचं पाणी आणि भरपूर शेणखत दिल्यावर नवी पालवी हिरवी येते, पिवळी पडलेली जुनी पानं मात्र तशीच राहतात.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची गच्ची आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. कुंड्यांत देशी झाडं लावून फुलपाखरं येतील का? – सात रस्ता

उत्तर : येतील. फुलपाखरू तिसऱ्या मजल्याला डरत नाही, डरायचं ते स्लॅबने. एक घनफूट ओल्या मातीचं वजन पंचेचाळीस-पन्नास किलो भरतं. दोनशे लिटरचा पिंप अर्धा कापून त्यात मातीच भरली तर दीडशे किलोच्या आसपास जाईल. मोठ्या कुंड्या भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. माती चार भाग, कोकोपीट तीन भाग, शेणखत तीन भाग असं मिश्रण केलं की वजन बरंच उतरतं आणि ओलही जास्त टिकते.

पश्चिमेच्या उन्हात झाड बहुधा पाण्यावाचून मरत नाही, कुंडीची भिंत तापून कडेची मुळं शिजतात म्हणून मरतं. काळ्या ग्रोबॅगा तर घेऊच नका. बारा इंची कुंडी सोळा इंचीत ठेवून मधल्या फटीत वाळू नाहीतर नारळाचा काथ्या भरा आणि पाणी देताना तोही भिजवा. सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, कडेला रांगेत नको. मोठ्या कुंडीत लिटरभराचं न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकण ठेवा. ते झिरपत चार दिवस काढतं. आपल्या जड पाण्याने वर्ष-दीड वर्षात मडक्याची छिद्रं बुजतात. मडक्यातलं पाणी उतरेनासं झालं की बदला.

झाडं पाचच सांगतो. सोळा इंचीत कडीपत्ता. बारा इंचीत काटेकोरांटी. तुळस किंवा सब्जा, आणि त्याच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नका, बारीक मधमाश्या त्यावरच येतात. चौथी रुई, जिच्या पानांच्या माळा शनिवारी मारुतीला घालतात तीच. नारिंगी-काळ्या फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या तिच्यावर वाढतात. तिचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून लहान मूल घरात असेल तर रुई नको. पाचवी घोळ, जी तुम्ही आजवर तण म्हणून उपटत आलात. तिच्यावर वाढणाऱ्या एका फुलपाखराचा नर काळा, पंखांवर जांभळट कडेचे पांढरे ठिपके असलेला. मादी मात्र हुबेहूब रुईवरच्या फुलपाखरासारखी दिसते. रुईवरचं फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागतं, त्याच्या नावावर ही जगते. उरलेल्या घोळीची भाजी होतेच.

रुईच्या शेंड्यांवर पिवळा मावा येईल. घाबरून फवारणी करू नका, आठ-पंधरा दिवसांत ढालकिडे त्याच्या मागावर येतात.

प्रश्न : नर्सरीत ‘फुलपाखरांची झाडं’ म्हणून घाणेरी आणि लाल-पिवळ्या फुलांचं मिल्कवीड देतात. लावावं का? – होटगी रोड

उत्तर : घाणेरी नाही. फुलपाखरं येतात हे खरं, पण फळं बुलबुल खातात आणि बी माळावर पेरतात. तिथे ती गवत मारते. मिल्कवीड परदेशी असलं तरी रुईवरच्या अळ्या ते खातात. लावलंच तर कुंडीत लावा आणि शेंगा उकलण्याआधी कापा, बियांची म्हातारी उडून जायला नको. झेंडू, पेंटास यांना आमची हरकत नाही. ती मधाची पाणपोई आहेत. पण पाणपोईवर कोणाची पोरं वाढत नाहीत, त्यासाठी वरची झाडंच लागतात.

प्रश्न : चिमण्यांसाठी दोन लाकडी घरटी टांगली. एकात साळुंकी शिरली, दुसरं दोन वर्षं रिकामं. – अक्कलकोट

उत्तर : साळुंकी शिरली म्हणजे भोक मोठं आहे. बाजारातल्या बहुतेक घरट्यांचं ते दोन इंची असतं. चिमणीला सव्वा इंच पुरतं, फार तर दीड. त्याच मापाचं भोक पाडलेली पत्र्याची चकती पुढे ठोकली तर आहे तेच घरटं चालेल. नवं करायचं असेल तर पाऊण इंच जाडीची फळी घ्या. तळ सहा बाय सहा इंच, उंची आठ-नऊ इंच, भोक तळापासून पाच-सहा इंच वर. तळाला पाण्यासाठी चार बारीक छिद्रं आणि वर छताखाली दोन फटी, हवा खेळायला. आतून रंग, व्हार्निश काही नको. भोकाखाली बसायची दांडीही नको, ती कावळ्याच्याच सोयीची.

रिकाम्या घरट्याचं कारण बहुधा जागा. सोलापूरच्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरचं घरटं म्हणजे भट्टी. पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं असेल तर विचारायलाच नको. छज्जाखाली, उत्तरेला नाहीतर पूर्वेला तोंड करून, आठ-दहा फुटांवर पक्कं ठोका. हलणारं, टांगलेलं घरटं चिमणी टाळते. चिमण्या वस्ती करून राहतात, म्हणून एकापेक्षा तीन जवळजवळ लावलेली बरी.

पण घरटं ही गरजेतली शेवटची गोष्ट आहे. पिल्लांना पहिले काही दिवस किडे, अळ्या लागतात. तुम्ही ठेवलेली बाजरी मोठ्या चिमण्यांसाठी ठीक, पिल्लांना ती चालत नाही. ज्या अंगणात दर पंधरवड्याला फवारणी होते तिथे चिमणी घरटं घालून करणार काय? घरट्यापासून दहा-पंधरा फुटांत मेंदीचं किंवा करवंदाचं दाट झुडूप हवं, ससाणा आला की घुसायला. आणि दीड-दोन फूट कोरडी, चाळलेली माती, धूळस्नानाला.

पाण्यासाठी मातीचं पसरट परळ घ्या, दोन इंचांहून खोल नको. मधे एक खडबडीत दगड ठेवा, मधमाश्या त्यावर बसून पितात. पाणी रोज बदला आणि काथ्याने कड घासा. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात नाही, कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटवतो. नुसतं ओतून दिलं तर ती तशीच राहतात, आणि वाळूनही मरत नाहीत.

प्रश्न : ज्वारीच्या रानाला लागून दोन एकर मुरमाड माळ पडीक आहे. दोनशे झाडं लावून तो हिरवा करायचा विचार आहे. बांधावर काय लावावं तेही सांगा. – मोहोळ तालुका

उत्तर : आधी माळाचं. तो पडीक नाही. ऑक्टोबरात तिथे पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं उभी असतील तर तो चालता-बोलता संसार आहे. टिटवी, चंडोल, धाविक, लावा उघड्या जमिनीवर अंडी घालतात. झाडं उभी राहिली की कावळ्यांना बसायला टेहळणीचे बुरूज मिळतात आणि ही घरटी एकेक करून लुटली जातात. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं ते असल्याच माळरानासाठी. काळवीट आणि लांडगा त्याच गवताचे रहिवासी. दोन एकरात माळढोक येणार नाही, पण चंडोल आजही असतील. दोनशे झाडांचा खड्डेखर्च वाचवा.

त्याऐवजी हे करा. नांगरू नका आणि पेटवू नका. गवत बी गळल्यावर, नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात, चार-सहा इंच खुंट ठेवून कापा, आणि दर वर्षी अर्धाच माळ. उरलेल्या अर्ध्यात किड्यांची अंडी आणि लावे उन्हाळा काढतात. चराईला जून ते सप्टेंबर बंदी ठेवा.

खरा शत्रू वेडी बाभूळ. ती वीतभर असताना पावसाळ्यात ओल्या मातीतून मुळासकट उपटते. एकदा मोठी झाली की वरून तोडून उपयोग नाही, दहा फुटवे येतात. बुंध्याभोवती खणून जमिनीखाली फूटभर मूळ तोडावं लागतं. गिरिपुष्प, सुबाभूळ हेही माळावर नकोत, कोणी रोपं फुकट देत असलं तरी.

माळाच्या कडेला चार-पाच बोरी आणि एखादा हिवर पुरे. बोरीचं रोप आणू नका. सोटमूळ पिशवीत वेटोळं होतं आणि झाड कायम अर्धवट राहतं. जागेवरच बी टोका. बांधालाही बोरच उत्तम. लहान निळसर ठिपक्यांची फुलपाखरं तिच्या पानांवर वाढतात, फळं हिवाळ्यात कोल्ह्यापासून पोरांपर्यंत सगळे खातात, एप्रिल-मेमधल्या छाटणीच्या काट्या कुंपणाला होतात. रब्बीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून सावली उत्तरेला पडते. झाडं उत्तरेच्या बांधावर लावली तर तुमची ज्वारी सुटते. सावली शेजाऱ्याच्या रानात जाईल, तेव्हा आधी त्याच्याशी बोला. आणि बांध फवारणीच्या डाळिंबाला लागून असेल तर तिथे फुलझाडं लावू नका. माश्यांना बोलावून विष पाजल्यासारखं होतं.

प्रश्न : एवढी झुडपं वाढवली तर साप येतील ना? – बार्शी

उत्तर : साप झुडपाला नाही, उंदराला येतो. धान्याची पोती, उघडा उकिरडा, भिंतीला टेकवलेली लाकडं आधी हलवा. घराच्या भिंतीपासून तीन फूट पट्टा मोकळा ठेवा, झुडपांच्या जमिनीलगतच्या फांद्या वीतभर छाटा म्हणजे खालचं दिसतं. रात्री बागेत बॅटरी घेऊनच जा.

प्रश्न : बहावा, पळस, कडुनिंब यांचं बी तीनदा पेरलं, एकही उगवलं नाही. – पंढरपूर

उत्तर : तिन्हींच्या तऱ्हा वेगळ्या. बहाव्याचं कवच इतकं कडक की पाणी आत शिरत नाही. बियाच्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या टोकाच्या) विरुद्ध बाजूने पॉलिश पेपरवर घासा, आतला फिकट थर दिसला की थांबा. रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी टम्म फुगलेलं बी अर्धा इंच खोल पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. आपट्याला आणि बाभळीला उकळून खाली उतरवलेलं पाणी ओतून त्यातच दिवसभर ठेवलं तरी चालतं. पाणी चुलीवर असताना बी टाकू नका, शिजेल.

पळस आणि कडुनिंबाचं याच्या उलट, त्यांचं बी टिकतच नाही. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये पडतात, त्याच पावसात पेरा. पिकलेली पिवळी निंबोळी धुऊन गर काढा, एक-दोन दिवस सावलीत सुकवा आणि दोन आठवड्यांच्या आत मातीत घाला. मागच्या वर्षीचं डब्यात जपून ठेवलेलं बी असेल तर ते टाकून द्या.